‘बेल आउट’ : ओझे उचलणाऱ्याचा शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय इंग्रजी भाषेचा असावा, तो विद्यार्थ्यांना परीक्षेत उपयोगी पडावा आणि पालकांनी तो ऐकताना घड्याळाकडे पाहू नये, अशा तीन अटी चालकांनी मला घातल्या. तिन्ही अटी एकदम पाळणे कठीण होते. म्हणून मी फार मोठा विषय न घेता केवळ दोन शब्दांचे एक क्रियापद घेऊन आपल्यापुढे उभा आहे. ते क्रियापद म्हणजे ‘बेल आउट’. त्याचा ढोबळ अर्थ ‘संकटातून सोडवणे’ असा कोशात सापडतो; पण तेवढ्यावर विसंबून वर्तमानपत्र वाचायला बसलो, तर पंचाईत होते. एका बातमीत आरोपी ‘बेल आउट’ होतो, दुसऱ्या बातमीत बुडणारी बँक ‘बेल आउट’ होते, तिसऱ्या बातमीत वैमानिक ‘बेल आउट’ करतो आणि एखाद्या समुद्रकथेत खलाशी रात्रभर ‘बेल आउट’ करीत बसतात. शब्द एकच, पण कामे चार. ही सगळी कामे एका शब्दाकडे कशी आली, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम स्पेलिंग सांगून ठेवतो. बी-ए-आय-एल असे ते आहे. शाळेची घंटा ती बेल निराळी. तिच्यात इ आणि दोन एल येतात. क्रिकेटच्या यष्टींवर ज्या दोन बेल्स ठेवतात त्यांचे स्पेलिंग हेच आहे, परंतु त्यांचा आपल्या क्रियापदाशी संबंध नाही. तेव्हा ‘बेल्स उडाल्या’ म्हणजे कोणाची सुटका झाली असे समजू नये. उलट तेथे फलंदाजाची शिक्षा सुरू होते.

इंग्रजीत क्रियापदाला ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ असा लहानसा शब्द जोडला की अर्थ पालटतो. त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. आपल्या मुलांना त्याची मोठी धास्ती वाटते. परंतु अशी गोष्ट आपल्या घरी नाही काय? मराठीतील ‘पडणे’ हे क्रियापद घ्या. माणूस आजारी पडतो, पाया पडतो, गळ्यात पडतो, तोंडघशी पडतो. एखाद्याचे काम त्याच्या अंगावर पडते, एखादीच्या पदरी यश पडते, आणि रात्र सरली की उजेडही पडतो. यांतील किती पडण्यांत कोणी खरोखर जमिनीवर आपटले? परक्या माणसाला हे शिकवायचे म्हटले तर तो डोक्याला हात लावील. आपण मात्र ते आईच्या मांडीवर शिकलो. इंग्रजीतील ही क्रियापदेही पाठ करून येत नाहीत. ती कोणत्या प्रसंगात वापरली जातात ते पाहिले, म्हणजे आपोआप अंगवळणी पडतात. हेही एक पडणेच!

आता या शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘बाजुलुस’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे आपल्या भाषेत हमाल. त्यापासून ‘ओझे वाहणे’ हे क्रियापद झाले. ते फ्रेंच भाषेत गेले आणि तेथे त्याला ‘हवाली करणे, ताब्यात देणे’ असा अर्थ आला. फ्रान्समधून इंग्लंडात आले ते न्यायालयाच्या दाराने. पकडलेल्या माणसाला न्यायाधीश एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हवाली करीत. तो हवाला म्हणजे ‘बेल’. याच मुळापासून पाणी वाहून नेणाऱ्या बादलीला फ्रेंचमध्ये ‘बाय’ असा उच्चार असलेला शब्द झाला, आणि बोटीतील पाणी उपसण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘बेल’ म्हणू लागले. आपल्या तालुक्याच्या कोर्टातून समन्स घेऊन येणारा ‘बेलिफ’ सर्वांनाच ठाऊक आहे. तोही याच घराण्यातला. म्हणजे जामीन, बादली आणि बेलिफ या तिघांचा पूर्वज एक हमाल आहे. ‘हमाल’ हा आपला शब्दही अरबीतून आला आणि त्याचाही अर्थ ओझे वाहणारा असाच. हा हमाल विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. पुढे येणाऱ्या प्रत्येक अर्थापाशी आपण एकच प्रश्न विचारू : ओझे कोणाचे होते आणि ते आता कोणाच्या डोक्यावर आहे?

पहिला अर्थ न्यायालयाचा. ‘ही बेल्ड हिज ब्रदर आउट’ म्हणजे त्याने जामीन देऊन भावाला सोडवून आणले. मुंबईकडे ‘त्याची बेल झाली’ असे सर्रास म्हणतात. आपला ‘जामीन’ हा शब्द अरबी आहे. ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीत मात्र तो माणसालाही लागतो आणि सुटकेलाही. ‘मी त्याला जामीन राहिलो’ आणि ‘त्याला जामीन मिळाला’ ही दोन्ही वाक्ये आपण बोलतो. ‘जमीन’ हा शब्द निराळा, तो फारसी. दोहोंत एका कान्याचा फरक; पण व्यवहारात त्यांची गाठ सुटता सुटत नाही. कारण ‘ऐपतदार जामीन आणा’ असे कोर्टाने म्हटले, की जामीन राहणाऱ्याकडे पहिली मागणी होते ती सातबाराच्या उताऱ्याची. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाची जमीन नाही, त्याने जामीन कोठून आणावा?

हा प्रश्न १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला सोडावे असा हुकूम झाला होता. पण खालच्या न्यायाधीशांनी दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. मोतीरामचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले, आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचा खटला उभा राहिला. त्या खटल्याला हुसैनआरा खातून या स्त्रीचे नाव आहे. जो गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून अधिक काळ माणसे खटल्याची वाट पाहत तुरुंगात बसली होती. त्यांतील अनेकांचा अपराध एवढाच, की त्यांच्यासाठी सही करणारे कोणी नव्हते. खटला लवकर चालणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने त्या प्रकरणात सांगितले.

हे सारे जुने झाले असे मात्र समजू नका. २०२२ च्या अखेरीसही देशातील दर चार कैद्यांमागे तीन कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा खटला संपलेला नाही असे होते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हुकूम काढावा लागला : जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सौम्य करता येईल का ते न्यायालयाने पाहावे, आणि जामीनदार स्थानिकच हवा असा आग्रह धरू नये. मोतीरामच्या भावाला नाकारल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

पालकांनी येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी की, जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७८ व्या कलमाप्रमाणे, ज्याची ऐपत नाही अशा माणसाला जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर सोडले पाहिजे. आणि अटकेनंतर आठवडाभरात जो जामीन देऊ शकला नाही, त्याची ऐपत नाही असेच मानावयाचे आहे. दुसरी गोष्ट, वकील करण्यास पैसे नसतील तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जामीन राहणारा माणूस ‘हा निर्दोष आहे’ अशी हमी देत नाही. ‘हा तारखेला कोर्टात हजर राहील’ एवढीच त्याची हमी असते. आरोपी फरारी झाला तर बंधपत्रातील रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते, हे खरे. परंतु जामीन राहिलो म्हणजे गुन्ह्यात भागीदार झालो, ही समजूत साफ खोटी आहे. या खोट्या समजुतीपायी मोहल्ल्यातील शहाणीसुरती, ऐपतदार माणसे मान फिरवतात, आणि एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किरकोळ मारामारीच्या प्रकरणात सराईत गुन्हेगारांच्या संगतीत महिना काढतो. महिन्याने तो घरी येतो तेव्हा त्याचे कॉलेजचे नाव गेलेले असते, आणि पुष्कळदा त्याच्या मनातून आपल्यावरचा भरोसाही गेलेला असतो.

दुसरा अर्थ बोटीचा. कोकणपट्टीतील ज्या घरांतून वाडवडील मचव्यावर किंवा आगबोटीवर गेले, त्या घरांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बोटीत शिरलेले पाणी डब्याने, बादलीने उपसून बाहेर टाकणे म्हणजे ‘बेल आउट’. इंग्रजीत ‘पाणी बेल आउट केले’ असेही चालते आणि ‘बोट बेल आउट केली’ असेही चालते. आपणही ‘पाणी उपसले’ म्हणतो आणि ‘विहीर उपसली’ असेही म्हणतो, तसेच हे.

याचे एक थोर उदाहरण दक्षिण ध्रुवाकडील आहे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. अठ्ठावीस माणसे बर्फावर राहून, मग लहान होड्यांतून, एलिफंट नावाच्या ओसाड बेटावर पोचली. तेथे कोणी शोधायला येणार नव्हते. तेव्हा २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टन पाच सोबत्यांसह सुमारे बावीस फुटांच्या एका होडीतून सुमारे आठशे सागरी मैल दूर असलेल्या साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले. निघण्यापूर्वी त्यांच्या सुताराने होडीचे काठ उंच केले आणि तिच्यावर कापडी छत ताणून बसवले. तरीही पाणी येतच होते. त्या सहा जणांनी पाळ्या लावून, गोठलेल्या हातांनी, रात्रंदिवस पाणी उपसले, होडीवर साचणारा बर्फ फोडून काढला, आणि १० मे रोजी ते किनाऱ्याला लागले. मागे राहिलेल्या बावीस जणांना शॅकल्टन यांनी ३० ऑगस्ट रोजी सुखरूप परत आणले. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. नुसते उपसून भागत नाही, आधी पाणी येण्याची वाट अडवावी लागते. म्हणून त्या छोट्या होडीवरचा सुतार नावाड्याइतकाच मोलाचा ठरला. आणि येथे ओझे कोणा एकाने उचलले नाही. जो बोटीत बसला त्याने डबा हातात घेतला.

तिसरा अर्थ आकाशातला. विमान हाताबाहेर गेले की वैमानिक हवाई छत्री घेऊन उडी टाकतो. त्यालाही ‘बेल आउट’ म्हणतात. ब्रिटिश लोक या अर्थी बी-ए-एल-ई असे स्पेलिंगही करतात, ते पाहून विद्यार्थ्यांनी गोंधळू नये. २० ऑक्टोबर १९२२ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ हॅरोल्ड हॅरिस नावाच्या लष्करी वैमानिकाचे विमान हवेतच थरथरू लागले आणि त्याने उडी टाकून जीव वाचवला. त्या सुमारास हवाई छत्रीने प्राण वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. छत्र्या तेव्हा रेशमाच्या असत, आणि रेशीम देणाऱ्या किड्याचे उपकार म्हणून हे नाव. त्या क्लबच्या सभासदांना सोन्याचा लहानसा सुरवंट मिळत असे. पुढे विमानांचा वेग वाढला, नुसती उडी टाकणे अशक्य झाले, आणि वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रे आली. कारगिलच्या युद्धात २७ मे १९९९ रोजी आपल्या वायुदलाचे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या विमानाचे इंजिन बंद पडले, तेव्हा ते अशाच आसनाने बाहेर पडले. ते शत्रूच्या हाती सापडले आणि काही दिवसांनी सन्मानाने परत आले.

येथे थोडे व्याकरण. ‘त्याने भावाला बेल आउट केले’ या वाक्यात कर्म आहे. क्रियापद सकर्मक आहे. ‘वैमानिकाने बेल आउट केले’ या वाक्यात कर्म नाही. क्रियापद अकर्मक आहे, आणि पुढे ‘ऑफ’ लावून ‘विमानातून’ असे सांगावे लागते. परीक्षेसाठी आणखी एक नियम सांगतो : कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते. ‘बेल हिम आउट’ बरोबर, ‘बेल आउट हिम’ चूक. आणि नाम म्हणून वापरायचे असेल तर दोन्ही शब्द जोडून ‘बेलआउट’ असे लिहितात. हे झाले गुणांपुरते. परंतु व्याकरणाने येथे एक मोठी गोष्ट सहज सांगून टाकली आहे. सकर्मक ‘बेल आउट’ म्हणजे दुसऱ्याला वाचवणे. अकर्मक ‘बेल आउट’ म्हणजे स्वतः वाचणे. स्वतः वाचणे हा काही दोष नव्हे. पेटलेल्या विमानात बसून राहण्याने कोणाचेच भले होत नाही. मात्र चांगला वैमानिक, हातात क्षणभर जरी असला, तरी आधी विमानाचे तोंड वस्तीपासून दूर वळवतो आणि मग उडी टाकतो. आपण टाकलेले ओझे कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे, याचे भान त्याला असते.

चौथा अर्थ पैशाचा, आणि हल्ली वर्तमानपत्रांत सर्वाधिक दिसणारा. बुडणाऱ्या कंपनीला किंवा बँकेला सरकारने सावरणे म्हणजे ‘बेलआउट’. अमेरिकेतील क्रायस्लर ही मोटार कंपनी १९७९ साली बुडायला आली होती. जानेवारी १९८० मध्ये तेथील सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. सरकारने पैसे दिले नाहीत हे लक्षात घ्या. सरकार जामीन राहिले. त्या बदल्यात कामगारांनी पगारात कपात सोसली, बँकांनी सवलती दिल्या, कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी वर्षाला एक डॉलर पगारावर काम केले, आणि १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी, कर्ज फिटले. ही बोट सर्वांनी मिळून उपसली. २००८ सालचे चित्र निराळे होते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्तसंस्था बुडाली, तिला कोणी हात दिला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊन वाचवण्यात आले. पुढच्या महिन्यात ७०० अब्ज डॉलरची तरतूद करणारा कायदा झाला. न वाचवावे तर लाखोंचे नुकसान, आणि वाचवावे तर जुगार खेळणाऱ्याला ‘आपण बुडालो तरी कोणीतरी काढील’ अशी सवय लागणार. या पेचावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. सामान्य माणसाने विचारलेला प्रश्न मात्र साधा होता : ओझे उचलले ते आमच्या करातून, मग चूक कोणाची?

हा प्रश्न परदेशापुरता नाही. आपल्या गावच्या पतपेढीत किंवा बँकेत मेहुण्यासाठी, शेजाऱ्यासाठी, दोस्तासाठी ‘फक्त एक सही’ करणारे कितीतरी लोक आहेत. ही जामिनकी कोर्टातल्या जामिनकीहून निराळी. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते, की करारात काही वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सावकाराने आधी कर्जदारामागे लागावे आणि मग जामीनदाराकडे यावे, असे बंधन नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली स्पष्ट केले आहे. जामीनदाराने कर्ज फेडले तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो, पण तो पुढचा भाग. म्हणून माझे म्हणणे असे आहे : डोळे मिटून सही करू नका आणि डोळे मिटून नकारही देऊ नका. कागद वाचा, रक्कम पाहा, माणूस ओळखा. मामूंनी सांगितले म्हणून सही करणे ही मुरवत झाली. माणूस पारखून, ओझे किती आहे ते पाहून खांदा देणे ही खरी जामिनकी.

पाचवा अर्थ तरुण मुलांच्या बोलीतला. ‘बेल’ या शब्दापुढे ‘ऑन’ आले, की ऐनवेळी साथ सोडून जाणे असा अर्थ होतो. ही अमेरिकन बोली आहे. परीक्षेत लिहू नये, पण ऐकली तर समजावी. किती विचित्र प्रवास आहे पाहा! ज्या शब्दाचा जन्म दुसऱ्याचे ओझे वाहण्यात झाला, तोच आता दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे टाकून निघून जाण्यासाठी वापरतात. शब्दांचे असे होते, कारण माणसांचेही असे होते. थोरला मुलगा शिकतो, नोकरीला लागतो आणि मागे वळून पाहत नाही. मग धाकटीची शाळा सुटते आणि तिच्या अम्मीच्या शिवणयंत्रावरचे काम दुप्पट होते. त्या थोरल्याने उडी टाकली, तो वाचला. परंतु विमान कोठे पडले?

आता पालकांना दोन शब्द. मुलांना आपण सगळेच ‘बेल आउट’ करतो. पण कोणत्या अर्थाने? मुलाने गृहपाठ केला नाही, तर अब्बा बसून लिहून देतात. कमी गुण मिळाले, तर ओळख काढून प्रवेश मिळवतात. कर्ज झाले, तर आईच्या बांगड्या गहाण पडतात. ओझे मुलाचे असते आणि ते उचलणारे दरवेळी दुसरेच असतात. तेव्हा मुलाच्या खांद्याला ओझ्याची ओळखच होत नाही. त्याउलट, काही घरांत मूल एकदा नापास झाले की ‘आता कामाला लाग’ म्हणून त्याला बोटीबाहेर ढकलतात. दोन्ही मार्ग चुकीचे. मूल बुडत असेल तर त्याच्याबरोबर बोटीत बसावे, एक डबा त्याच्या हाती द्यावा, एक आपल्या हाती घ्यावा, आणि पाणी कोठून येते ते शोधावे. गणितात तो सहावीपासून मागे पडला आहे काय? त्याला फळ्यावरचे दिसत नाही काय? घरात अभ्यासाला कोपरा नाही काय? मुलगी पहाटेपासून पाणी भरते म्हणून वर्गात पेंगते काय? हे छिद्र बुजवल्यावाचून शिकवण्या लावणे म्हणजे नुसतेच उपसत बसणे होय.

आणि समाज म्हणून आपले काय? आपल्यापैकी प्रत्येकाजवळ देण्यासारखा पैसा नसेल. पण जामीन राहायला नेहमीच पैसा लागत नाही. एखाद्या हुशार मुलीच्या वडिलांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही. तेथे जाणत्याचा तासभर लागतो. कोणा मुलाला परगावच्या कॉलेजात राहायचे आहे आणि स्थानिक पालक म्हणून नाव द्यायला कोणी नाही. तेथे एक नाव लागते. एखाद्या घरचा पोरगा अडचणीत सापडला, तर विधी सेवा प्राधिकरणापर्यंत त्याच्या आईसोबत जायला एक माणूस लागतो. असा माणूस वेळेवर मिळाला नाही, की तेथून पुढे त्या घराची एक पिढी मागे जाते. ज्या वस्तीत सही करायला चार माणसे पुढे येतात, त्या वस्तीतील मुलगा आपली इज्जत राखण्याचीही काळजी घेतो. कारण कोणीतरी आपल्यासाठी शब्द दिला आहे हे त्याला ठाऊक असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावर आज कोणाचे ना कोणाचे नाव टांगलेले आहे. तुमच्या फीच्या पावतीवर वडिलांची सही आहे, कर्जाच्या कागदावर एखाद्या चाचांची सही आहे, प्रवेशाच्या वेळी ‘हा मुलगा शिकेल’ असे कोण्या शिक्षकाने तोंडी सांगितलेले आहे. हे सगळे तुमचे जामीनदार. त्यांनी तुमच्या यशाची हमी दिलेली नाही. यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही. तुम्ही हजर राहाल, एवढीच हमी त्यांनी दिली आहे. वर्गात हजर राहा, परीक्षेला हजर राहा, आणि पुढे पायावर उभे राहिलात की दुसऱ्या कोणाला जामीन लागेल त्या दिवशीही हजर राहा. म्हणजे ‘बेल आउट’ या क्रियापदाचे सगळे अर्थ तुम्हाला कोश न उघडता समजतील.